‘चिघळवणे’ यादीत का नसते?

शब्दसंग्रहाच्या एखाद्या पुस्तिकेत ‘एक्झॅसर्बेट’ हा शब्द काढून पाहा. समोर बहुधा ‘अधिक वाईट करणे’ किंवा ‘तीव्र करणे’ असे छापलेले सापडेल. अर्थ चुकीचा नाही, पण त्याने फारसे काही हाती लागत नाही. आधीच बिघडलेली गोष्ट कुणाच्या तरी वागण्याने आणखी बिघडली की मराठीत ती ‘चिघळते’. जखम चिघळते, संप चिघळतो, सोसायटीतला पार्किंगचा वाद चिघळतो. इंग्रजीतला एक्झॅसर्बेटही नेमका तिथेच येतो: दुखणे, तणाव, टंचाई, जुना तंटा. सुरळीत चाललेले काम कुणी एक्झॅसर्बेट करू शकत नाही. समोर ‘चिघळवणे’ एवढे एकच क्रियापद असते, तर ही अट विद्यार्थ्याला वेगळी सांगावीच लागली नसती. ती त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड, नौपाडा आणि खाडीपलीकडे वाशी, नेरुळ, कोपरखैरणे या भागांत स्पर्धा परीक्षांचे, बँक भरतीचे, परदेशी शिक्षणाचे आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग दाटीवाटीने चालतात. त्यांतल्या बहुतेकांचे प्रगत शब्दसंग्रहाचे साधन एकच, ते म्हणजे यादी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकदोन शब्दांचा अर्थ, दर सोमवारी शंभर शब्दांची चाचणी. ही पद्धत बदलायला हवी, आणि बदलाची सुरुवात यादीच्या उजव्या बाजूने, म्हणजे मराठीपासून व्हायला हवी. मराठी माध्यमातल्या किंवा सेमी-इंग्रजीतल्या मुलाचे इंग्रजी कच्चे राहते याचा दोष नेहमी त्याच्या मराठीला दिला जातो. खरे तर त्याच्यापुढे ठेवलेली मराठीच निर्जीव असते.

आधी यादीचा हिशेब करू. ‘तीस दिवसांत तीन हजार शब्द’ या धाटणीच्या जाहिरातीचा अर्थ रोज शंभर नवे शब्द. शब्द टिकवायचा तर तो वाढत्या अंतराने पुन्हा भेटावा लागतो. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी, असे अंतर सोयीचे पडते. पस्तिसावा दिवस तीस दिवसांत बसतच नाही. तो सोडला तरी सतराव्या दिवसापासून रोज चारशे शब्दांची उजळणी अंगावर येते. एका शब्दाला दहा सेकंद धरले तर ती सदुसष्ट मिनिटे. नव्या शंभर शब्दांना प्रत्येकी दोन मिनिटे म्हणजे आणखी दोनशे मिनिटे. एकूण साधारण साडेचार तास, रोज, फक्त शब्दांना. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे कुणाला जमत नाही. मग उजळणी गळते, नवे शब्द तेवढे पुढे सरकत राहतात आणि महिनाअखेरीस मागचे पान कोरे झालेले असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीच्या तासांत सर्वांत वेगाने होते आणि नंतर मंदावते, हे त्यांतून दिसले. त्या प्रयोगांत त्यांनी मुद्दाम अर्थहीन अक्षरजोड्या वापरल्या होत्या. वाक्याशिवाय, संदर्भाशिवाय पाठ केलेला इंग्रजी शब्द विद्यार्थ्यासाठी जवळजवळ तशीच अर्थहीन अक्षरजोडी असते.

दुसरी अडचण अकारविल्हे मांडणीची. यादी ‘ए’पासून सुरू होते, उत्साहही ‘ए’लाच सर्वांत जास्त असतो, आणि ‘पी’ किंवा ‘टी’पर्यंत पोहोचेतो परीक्षा आलेली असते. त्याहून वाईट म्हणजे दिसायला सारखे शब्द शेजारी येऊन एकमेकांत मिसळतात. ओसरणे, जोर कमी होणे या अर्थाचा ‘अबेट’ आणि गुन्ह्याला साथ देणे या अर्थाचाही ‘अबेट’. स्पेलिंग वेगळे, उच्चार वेगळे. पहिल्यात लांब ‘एइ’ आहे, दुसऱ्यात आखूड ‘ए’. पण देवनागरीत आखूड ‘ए’साठी वेगळे चिन्ह नाही, म्हणून वहीत दोन्ही शब्द हुबेहूब एकसारखे उतरतात. पाऊस ओसरला की गुन्ह्यात सामील झाला, हे मग विद्यार्थ्याला परीक्षेतच कळते. उच्चार देवनागरीत लिहायला हरकत नाही, पण ती पहिली पायरी समजावी. त्याच दिवशी शब्दकोशाच्या ॲपवर तो दोनदा ऐकावा आणि जोर शब्दाच्या कोणत्या तुकड्यावर आहे तिथे खूण करावी. ‘एपिटोमी’चे पुष्कळांच्या तोंडी ‘एपिटोम’ होते, ‘हायपर्बली’चे ‘हायपरबोल’ होते, ‘सटल’मधला मुका ‘बी’ बोलका होतो. हे सगळे ऐकल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

काही शिक्षक अकारविल्हे टाळून समानार्थी शब्दांचे घोस देतात: ‘बडबड्या’साठी सहा शब्द, ‘शूर’साठी आठ. कागदावर हे शास्त्रशुद्ध दिसते. पण थॉमस टिंकहॅम (१९९३) आणि रॉबर्ट वेअरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत उलटे आढळले. अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच बैठकीत शिकले तर ते असंबद्ध शब्दांपेक्षा सावकाश लक्षात राहतात, कारण ते एकमेकांच्या आड येतात. घोस निरुपयोगी नाहीत. ते दुसऱ्या फेरीचे काम आहे. शब्द एकेकटे, वेगवेगळ्या दिवशी ओळखीचे झाले की मग त्यांना शेजारी बसवून फरक पाहावा.

आता उजव्या बाजूकडे येऊ. ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिका, मराठी अर्थ लिहूच नका’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या ठामपणे दिला जातो की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. शब्दाशी पहिली भेट होताना तो चुकीचा आहे. इस्रायलमधल्या बातिया लॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९७ मध्ये शाळकरी मुलांबरोबर केलेल्या अभ्यासात मातृभाषेत अर्थ दिलेले इंग्रजी शब्द इंग्रजीत अर्थ दिलेल्यांपेक्षा अधिक टिकले. ‘फ्रूगल’चा इंग्रजी अर्थ वाचायला आणखी तीन शब्द समजावे लागतात. ‘काटकसरी’ म्हटले की काम झाले. मात्र मराठी अर्थ नेमका हवा. सल्ला देणाऱ्यांचा राग मराठी अर्थावर आहे, तो खरे तर ढोबळ अर्थावर असायला हवा.

मराठीत ही नेमकी छटा पकडायची केवढी ताकद आहे, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. पैसा कमी खर्चणाऱ्यांची आपली उतरंड पाहा: काटकसरी, चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक. पहिला गुण, शेवटची शिवी. इंग्रजीतही फ्रूगल, स्टिंजी, मायझर्ली अशी उतरंड आहे, आणि यादीत मात्र तिघांसमोर ‘कंजूष’ छापलेले असते. त्यामुळे मुलाखतीत ‘माझी आई फ्रूगल आहे’ असे अभिमानाने म्हणण्याऐवजी उमेदवार ‘स्टिंजी’ म्हणून बसतो. ‘टेनेशियस’ला ‘हट्टी’ म्हणतात, पण तो ‘चिवट’ आहे. हट्टीपणात दोष आहे, चिवटपणात कौतुक आहे. हट्टीसाठी ‘स्टबर्न’ आणि हेकेखोरासाठी ‘ऑब्स्टिनेट’ मोकळे आहेत. ‘व्हर्बोस’ला ‘शब्दबंबाळ’, ‘गॅरुलस’ला ‘पाल्हाळिक’, ‘टॅसिटर्न’ला ‘घुमा’, ‘ऑस्टेन्सिबल’ला ‘वरकरणी’, ‘गलिबल’ला ‘भोळसट’, ‘सिकोफंट’ला ‘तोंडपुज्या’, ‘प्रोक्रॅस्टिनेट’ला ‘चालढकल करणे’, ‘कॅजोल’ला ‘लाडीगोडी लावणे’. यांतला एकही मराठी शब्द अवघड नाही. घरात, बाजारात, रिक्षाच्या रांगेत रोज कानावर पडणारे आहेत. तरीही यादीत त्यांच्या जागी ‘अतिभाषी’, ‘विलंब करणे’, ‘प्रलोभन देणे’ असे सरकारी पत्रातले शब्द येतात, कारण यादी करणाऱ्याला बोलीतला शब्द अभ्यासाच्या वहीत शोभत नाही असे वाटते.

‘यूबिक्विटस’चे उदाहरण घ्या. छापील अर्थ ‘सर्वव्यापी’. मराठीत सर्वव्यापी परमेश्वर असतो. इंग्रजी वर्तमानपत्रात मात्र यूबिक्विटस असतात मोबाइलचे मनोरे, डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाकी, स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षा. ‘जिकडे पाहावे तिकडे’ हा त्याचा खरा अर्थ. काही शब्दांना मराठीत एका शब्दाचा जोड नसतो, तेव्हा ओढूनताणून बसवू नये. ‘रेझिलिअन्स’ला ‘लवचिकता’ म्हटले की तो ‘फ्लेक्झिबिलिटी’शी गोंधळतो. त्यापेक्षा सरळ ‘पडून पुन्हा उभे राहण्याची ताकद’ असे पाच शब्द लिहावेत. मोल्सवर्थ यांनीही तेच केले. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. जिथे एका इंग्रजी शब्दाने भागत नाही तिथे ते पूर्ण वाक्यांशाने छटा उलगडतात. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. त्याचा उलटा उपयोग फार चांगला होतो: ओळखीचा मराठी शब्द काढायचा आणि इंग्रजीत त्याला काय काय म्हटले आहे ते पाहायचे. इंग्रजी मात्र त्यातले एकोणिसाव्या शतकातले आहे, म्हणून सापडलेला शब्द आजच्या विद्यार्थी-कोशात तपासूनच वहीत घ्यावा.

अर्थ कळला तरी काम अर्धेच होते. शब्द कुणाच्या संगतीत राहतो हे कळायला हवे. आपण चहा घेतो, शपथ घेतो, राजीनामा देतो आणि परीक्षाही देतो. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतात, ‘गिव्ह’ करणारा परीक्षक असतो. ही चूक मराठीच्या वळणातून येते आणि एकदा दाखवली की सुटते. प्रगत शब्दांत अशा संगती जास्त काटेकोर असतात. ‘अबेयन्स’ जवळजवळ नेहमी ‘इन’बरोबरच येतो: पुनर्विकासाचा प्रस्ताव ‘केप्ट इन अबेयन्स’, म्हणजे तूर्त बासनात. ‘मिटिगेट’ धोक्याला किंवा परिणामाला लागतो, ‘अलिव्हिएट’ वेदनेला किंवा दारिद्र्याला. यादीत दोघांसमोर ‘कमी करणे’ असते. मग कुणी पगार ‘मिटिगेट’ करतो, कुणी वजन ‘अलिव्हिएट’ करतो.

संगत शिकण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे शहराच्या बातम्यांचे पान. त्यासाठी एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रे घ्यावीत, एक मराठी, एक इंग्रजी. दोन्हींत आलेली ठाणे किंवा नवी मुंबईची एकच बातमी निवडावी. आधी मराठी बातमी वाचावी, मग इंग्रजी, आणि मग पेन्सिल घेऊन जोड्या लावाव्यात. ‘बोकाळलेली बेकायदा बांधकामे’ म्हणजे ‘रॅम्पंट इल्लीगल कन्स्ट्रक्शन’. खारफुटीत टाकलेला ‘राडारोडा’ म्हणजे ‘डेब्री’, आणि त्यातला शेवटचा ‘एस’ मुका, ‘डेब्रिस’ नव्हे. अधिकाऱ्यांनी केलेला ‘काणाडोळा’ म्हणजे ‘टर्न्ड अ ब्लाइंड आय’. ‘संतप्त रहिवासी’ हे ‘आयरेट रेसिडेंट्स’. ‘वाट्टेल तशी लावलेली वाहने’ म्हणजे ‘हॅपहॅझर्ड पार्किंग’. ‘उरकल्यासारखी केलेली नालेसफाई’ म्हणजे ‘पर्फंक्टरी डिसिल्टिंग’. ‘प्रशासनाची अनास्था’ म्हणजे ‘ॲपथी’. बातमीचा विषय विद्यार्थ्याला पाठ असतो, कारण तो नाला त्याच्या वस्तीतून वाहतो. त्यामुळे सगळे लक्ष शब्दावर जाते, आणि अर्थ कुणी सांगण्याआधी त्याचा त्यालाच सापडतो.

इथे एक चूक हमखास होते: पहिल्याच दिवशी अग्रलेखाला हात घातला जातो. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार वर्तमानपत्रासारखा अस्सल मजकूर कोशाविना समजायला त्यातले अठ्ठ्याण्णव टक्के शब्द माहीत असावे लागतात, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे. अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. अग्रलेखात सुरुवातीला पन्नासात पाचसहा अनोळखी निघतात, वाचन थांबते आणि कोश उघडण्याचा कंटाळा जडतो. बातमीतले पहिले शंभर शब्द मोजावेत. पाचापेक्षा जास्त अनोळखी असले तर ती बातमी सोडून दुसरी घ्यावी. आणि पायाच कच्चा असेल तर प्रगत शब्दांकडे वळूच नये. बंगालमध्ये इंग्रजी शिकवण्यावर काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची यादी केली. त्यापुढची पायरी म्हणजे एव्हरिल कॉक्सहेड यांची २०००ची शैक्षणिक शब्दसूची: ५७० शब्दकुळे, पण पाठ्यपुस्तकी इंग्रजीचा सुमारे दहा टक्के भाग तीच व्यापतात. ही ५७० आधी, ‘सेस्क्विपेडॅलियन’ (लांबलचक शब्दांचा) यासारखे दागिने नंतर, किंवा कधीच नाही.

सापडलेल्या शब्दाचे कार्ड करावे. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद पुरतो. पुढच्या बाजूला बातमीतले मूळ वाक्य, पण शब्दाच्या जागी रिकामी जागा आणि पहिले अक्षर. मागे शब्द, जोराच्या खुणेसह उच्चार, बोलीतला नेमका मराठी अर्थ, एक नेहमीची संगत आणि असल्यास एक सावधगिरी, उदाहरणार्थ ‘पैशासाठी वापरू नये’. पुढे शब्द आणि मागे अर्थ असे कार्ड करू नये. तसे केल्यास नुसती ओळख पक्की होते, बोलताना शब्द आठवत नाही. रोज आठ नवी कार्डे, आठवड्याचे पाच दिवस. आठवड्याला चाळीस, अठ्ठेचाळीस आठवड्यांत १९२०. वर सांगितलेल्या पाच उजळण्या धरल्या तरी रोज जुनी चाळीस कार्डे येतात, दहा सेकंदांच्या हिशेबाने सातेक मिनिटे. ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून निघालेल्याची ती घणसोलीच्या आत संपतात आणि वाशीपर्यंत बातमी वाचायला वेळ उरतो. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पाच कप्प्यांची पेटी यासाठी उत्तम: उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की थेट पहिल्यात. मोबाइलवर ‘अँकी’ हे ॲप हेच काम करते. बिघडते ते तीन ठिकाणी. दुसऱ्याने केलेली तयार कार्डे उतरवून घेतली की त्यातले वाक्य आपले नसते. उत्तर मनात म्हणायच्या आधीच कार्ड उलटले की ‘येत होते’ असा भ्रम होतो. आणि कार्डे नेहमी त्याच क्रमाने पाहिली की शब्दाऐवजी क्रमच पाठ होतो.

मराठी मुलाजवळ आणखी एक किल्ली आहे, ती कुणी त्याच्या हातात देत नाही: उपसर्ग. शाळेतल्या व्याकरणात त्याने ते शिकलेले असतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा, आणि प्रगत इंग्रजीतले बहुतांश शब्द शेवटच्या दोघींकडून आलेले. आपल्याकडे व्यंजनापुढे ‘अ’ आणि स्वरापुढे ‘अन्’ लागतो: अधर्म, अनादर. ग्रीकमध्येही अगदी हाच नियम आहे, म्हणून ‘ॲमॉर्फस’ (आकारहीन) आणि ‘ॲनार्की’ (अराजक). मघाची ‘अनास्था’ आणि ‘ॲपथी’ एकाच साच्यातून निघाल्या आहेत. ‘परिमिती’ आणि ‘पेरिमीटर’ शेजारी ठेवा. आपला ‘दुस्’ दुर्बल आणि दुर्गुणमध्ये, तोच भाऊबंद ‘डिसफंक्शन’ आणि ‘डिस्लेक्सिया’मध्ये. ‘उप’ आणि ‘हायपो’, ‘उपरि’ आणि ‘हायपर’, ‘अंतर्’ आणि ‘इंटर’, ‘प्र’ आणि ‘प्रो’, या सगळ्या सख्ख्या जोड्या आहेत. दहावीच्या मुलाला एका तासात हे दाखवता येते, आणि मग वैद्यकातले, कायद्यातले लांबलचक शब्द त्याला भिववत नाहीत.

पण मूळ ओळखून अर्थ ठरवायचा नसतो, अर्थ कळल्यावर तो लक्षात ठेवायला मूळ वापरायचे असते. हा क्रम उलटला की घात होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या रसायनांच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नकार असे शिकलेल्याला ते न पेटणारे वाटेल. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘इनफ्लेम’मधला आहे. ते रसायन चटकन पेट घेणारे आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. ‘एनर्व्हेट’ ऐकायला ‘एनर्जी’सारखा, अर्थ मात्र गळून जायला लावणे. ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द आहे. हे चार अपवाद मूळ शिकवतानाच शिकवावेत, नंतर नव्हे.

आणि प्रगत शब्द म्हणजे लांब शब्द हा समजही सोडायला हवा. खरी परीक्षा ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थात असते. ‘हार्बर’ नवी मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत, कारण ती त्याची लोकल आहे. क्रियापद झाले की तो मनात अढी बाळगतो किंवा फरार आरोपीला थारा देतो. ‘सँक्शन’ म्हणजे इमारतीच्या आराखड्याला मंजुरी, आणि एखाद्या देशावर लादलेला निर्बंधही. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे, आणि आपल्याच विधानाला मर्यादा घालणेही. असे शब्द यादीत येत नाहीत, कारण ते सर्वांना येतात असे धरलेले असते.

यावर वर्गचालकांचे म्हणणे असे की परीक्षा यादीतूनच प्रश्न काढतात, मग आम्ही काय करणार? त्यात तथ्य आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि त्यांत समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहासाठी एक शब्द असे थेट प्रश्न असतात. तिथे यादीला जागा आहे, पण ती शेवटच्या दोन महिन्यांत आणि तपासणीसाठी: मागच्या प्रश्नपत्रिकांतले शब्द काढून, येणारे खोडून, न येणाऱ्यांचीच कार्डे करावीत. बाकीच्या परीक्षा मात्र यादीपासून दूर गेल्या आहेत. परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या जीआरई परीक्षेने ऑगस्ट २०११ मध्ये सुटे विरुद्धार्थी आणि साम्यसंबंधाचे प्रश्न काढून टाकले आणि शब्द वाक्यात विचारायला सुरुवात केली. व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेत, कॅटमध्ये, आज उताऱ्यांवरच भर आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला ३०० गुणांचा सक्तीचा इंग्रजी पेपर उताऱ्याचे आकलन, सारांश आणि लेखन मागतो. त्यात पंचवीस टक्के नसतील तर बाकीचे पेपर तपासलेही जात नाहीत. शब्द वापरता न येणारा तिथे अडतो.

ऐरोली, महापे, रबाळेतल्या कार्यालयांत तर प्रश्नपत्रिकाच नसते. तिथे ‘माझे वडील नोटोरिअस डॉक्टर आहेत’ हे वाक्य एकदाच बोलले जाते आणि लक्षात राहते. नोटोरिअस म्हणजे कुप्रसिद्ध, पण यादीत तो ‘फेमस’च्या रांगेत छापलेला होता. ‘चाइल्डलाइक’ निरागस आणि ‘चाइल्डिश’ पोरकट. ‘प्लेथोरा’ म्हणजे नुसते पुष्कळ नव्हे, नकोसा बुजबुजाट. ईमेलमध्ये उत्तराच्या अर्थाने ‘रिव्हर्ट’ आपल्याकडे रुळला आहे, पण परदेशातला ग्राहक त्याचा अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा घेऊ शकतो. बोलताना आणि पत्रात साधा शब्द पुरत असेल तर साधाच वापरावा. अवघड शब्द वाचायला, समजायला आणि जिथे दुसरा कोणताच शब्द बसत नाही अशा जागेसाठी शिकायचा.

हे सगळे एकट्या विद्यार्थ्यावर सोडणे बरोबर नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीपर्यंत पोहोचलेल्याने बारा वर्षे ती शिकलेली असते, आणि तरीही शब्दांसाठी त्याला वर्गाची फी भरावी लागते. दोन्ही शहरांतल्या पालिकांच्या अभ्यासिकांत आणि १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या वाचनालयांत दोन भाषांची वर्तमानपत्रे आधीच येतात. एक फळा, त्यावर रोज एकाच बातमीची दोन कात्रणे शेजारी शेजारी, खाली पाच जोड्या, आणि टेबलावर विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशाच्या दोन प्रती. रविवारी त्या आठवड्याच्या तीस जोड्यांतून दहा रिकाम्या जागांची चाचणी. खर्च कोशांपुरता. खरी गरज आहे ती रोज अर्धा तास देऊन जोड्या निवडणाऱ्या एका माणसाची, आणि त्याचे मराठी चांगले असण्याची.

पालिकेच्या शाळांत आठवी ते दहावीला आठवड्यातला एक तास इंग्रजी आणि मराठीच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. आज हे दोघे एकमेकांच्या तासाला फिरकतही नाहीत. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रात ‘डिलॅपिडेटेड बिल्डिंग्ज’ येतातच. इंग्रजीच्या बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहावे आणि शब्दाच्या पोटात लॅटिनमधला दगड कसा दडला आहे ते सांगावे. मराठीच्या सरांनी विचारावे: पडकी, जुनाट, जीर्ण, जर्जर, मोडकळीस आलेली, यांतला कोणता? मुले भांडतील. पडकी म्हणावी तर तिचा काही भाग आधीच ढासळलेला हवा. जुनाट इमारत धडधाकट असू शकते. जीर्ण देऊळ असते, वस्त्र असते. जर्जर तर आजाराने माणूस होतो. उरते ती मोडकळीस आलेली: अजून उभी, आत लोक राहत असलेली, आणि कधीही खाली येईल अशी.